दाट रक्ताचा एकशेतीस वर्षांचा इतिहास

धागा.

आपण येथे लढाया, तह, ताम्रपट आणि गादीचे वाद पुष्कळ वाचतो. आजचा धागा एका आजाराच्या इतिहासाचा आहे. साधने येथेही तीच आहेत: जुने अहवाल, मोजमापे, एकमेकांशी न जुळणारे साक्षीदार, आणि दीर्घकाळ पूर्ण मानले गेलेले एक अर्धवट उत्तर.

पॉलिसायथीमिया व्हेरा हे त्या आजाराचे नाव. ग्रीक आणि लॅटिन शब्दांची ही जोडणी सोडवली तर ‘रक्तात पुष्कळ पेशी असण्याचा खराखुरा आजार’ एवढाच अर्थ निघतो. ‘खराखुरा’ अशासाठी, की उंच पर्वतावर राहणाऱ्यांच्या किंवा फुप्फुसाचे जुने विकार असलेल्यांच्या रक्तातही तांबड्या पेशी वाढतात. पण तेथे शरीराला प्राणवायू कमी पडत असतो आणि ही वाढ म्हणजे त्या टंचाईला दिलेले उत्तर असते. या आजारात मात्र कुणी मागितले नसताना अस्थिमज्जा पेशी घडवत राहते. आज त्याची गणना रक्ताच्या कर्करोगांत होते. तो संथ आहे, अनेकांना तो घेऊन दशकानुदशके जगता येते. परंतु त्याचे मोठे भय आहे ते गुठळीचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १,६३८ रुग्णांच्या युरोपीय पाहणीत एकूण मृत्यूंपैकी ४५ टक्के मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले होते.

हा विषय निवडण्याचे कारण लपवत नाही. हा आजार मला आहे. सहा वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १७.८ आले. ज्या समाजात घरोघरी बायकांना ‘रक्त कमी आहे, बीट खा, खजूर खा’ असे सांगितले जाते, तेथे असा आकडा शुभवार्तेसारखा ऐकला जातो. ‘तुझं रक्त चांगलं आहे गं,’ असे माझी मावशी कौतुकाने म्हणाली होती. पुढच्या तपासण्यांनंतर कळले, की या चांगल्या रक्ताची गुठळी मेंदूत, हृदयात किंवा यकृताच्या शिरेत कधीही अडकू शकते. गुठळी का होते, असे विचारले की जो तो सांगे, ‘रक्त दाट झालंय म्हणून.’ हे उत्तर खोटे नाही. ते अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे हे कळायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही हकीकत.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. १८९२ साली लुई आंरी व्हाकेझ या तरुण वैद्याने चाळिशीतल्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. चेहरा आणि हातपाय जांभळट, शिरा फुगलेल्या, सतत घेरी, धाप, छातीत धडधड. तांबड्या पेशी मोजल्या तर त्या प्रचंड. पेशी मोजणे ही तेव्हा फार जुनी विद्या नव्हती. कार्ल फिरोर्ट याने १८५२ मध्ये ती प्रथम करून दाखवली होती आणि पुढे लुई-शार्ल मालासे याने पॅरिसमध्येच तिच्यासाठी सोपे उपकरण बनवले होते. व्हाकेझला आधी वाटले, हृदयात जन्मजात दोष असावा. रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदन झाले. हृदय निर्दोष निघाले. वाढलेले होते यकृत आणि प्लीहा. तेव्हा व्हाकेझने अनुमान केले, की मूळ दोष रक्त घडवणाऱ्या अवयवांत असला पाहिजे. एका रुग्णावरून केलेले हे अनुमान बरोबर होते. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो, कारण आपला पहिला तर्क पुराव्यापुढे सोडून देणे वैद्यकात तेव्हाही दुर्मीळ होते.

१९०३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून विल्यम ऑस्लरने असेच चार रुग्ण मांडले आणि हा स्वतंत्र आजार आहे, असे ठामपणे लिहिले. पाच वर्षांनी त्याने व्हाकेझचे श्रेय शीर्षकातच मान्य केले. म्हणून जुन्या पुस्तकांत ‘व्हाकेझ-ऑस्लर रोग’ असे जोडनाव सापडते. १९०४ मध्ये व्हिएन्नाच्या विल्हेल्म ट्यूर्कने एक बारीक गोष्ट टिपली: या रुग्णांत तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही वाढलेल्या असतात, आणि त्यांतल्या काही अपक्व असतात. ही नोंद पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती. सर्वांचे लक्ष तांबड्या रंगावर खिळलेले होते.

आणि ते स्वाभाविकही होते. रक्तात तांबड्या पेशी जास्त, म्हणून ते दाट. दाट, म्हणून संथ. संथ, म्हणून गोठणार. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शोने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गुठळीचा अभ्यास शास्त्रशुद्ध पायावर आणला होता. प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीची भिंत बिघडणे आणि रक्ताचाच गुण बदलणे, या तीन कारणांची जी त्रयी आज त्याच्या नावे शिकवली जाते, तिची सुबक मांडणी पुढच्यांची आहे. पण बीज त्याचे. या आजारात सर्वांना पहिले कारण इतके उघड दिसत होते, की तिसऱ्याकडे पाहायची गरज वाटली नाही.

वास्तविक एक साक्षीदार तेव्हाच हजर होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केलेला फिलाडेल्फियाचा वैद्य सायलस वेअर मिचेल याने १८७८ साली हातापायांच्या तळव्यांना आग होऊन ते लालबुंद होण्याच्या विकाराचे वर्णन केले. एरिथ्रोमेलाल्जिया असे त्याचे नाव रूढ झाले. त्याच सुमारास, १८८१-८२ मध्ये, इटलीतील तुरिन येथे जूलिओ बित्सोझेरो हा रक्तातील चिमुकल्या रक्तपट्टिकांचा, म्हणजे आपण ज्यांना प्लेटलेट म्हणतो त्यांचा, गुठळीतला वाटा दाखवत होता. ही दोन टोके जुळायला शतक लागले. रॉटरडॅमच्या वैद्यांनी १९८५ साली दाखवून दिले, की पट्टिका वाढलेल्या रुग्णांतली ही आग म्हणजे अगदी बारीक धमन्यांत पट्टिका चिकटून झालेल्या सूक्ष्म गुठळ्या आहेत आणि अॅस्पिरिनने ती शमते. अॅस्पिरिन रक्त पातळ करत नाही, हे येथे सांगून ठेवते. बोलीत आपण तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो, पण रक्ताच्या दाटपणाला ती हातही लावत नाही. ती फक्त पट्टिकांचे एकमेकींना चिकटणे रोखते. दाटपणा तसाच राहून आग थांबत असेल, तर दोष निव्वळ दाटपणाचा कसा?

आता उपचारांकडे वळू. पहिला उपचार मानवजातीच्या सर्वांत जुन्या उपचारांपैकी एक आहे: रक्त काढणे. सुश्रुतसंहितेत जळवा लावण्यावर स्वतंत्र अध्याय आहे, शीर वेधण्याचे तपशीलवार नियम आहेत. युरोपात तर ताप, डोकेदुखी, न्यूमोनिया, सगळ्यांवर रक्त काढले जाई. १८३५ साली पॅरिसच्याच पिएर लुई याने रुग्णांची चक्क मोजणी करून दाखवले, की न्यूमोनियात रक्त काढण्याचा म्हणावा तसा उपयोग नाही. त्यानंतर ही प्रथा हळूहळू ओसरली. मात्र व्हाकेझच्या आजारात ती टिकली, कारण येथे ती खरोखर लागू पडते. रक्त काढले की तांबड्या पेशी घटतात. शिवाय लोह बाहेर जाते आणि नव्या पेशी घडवायला अस्थिमज्जेकडे साहित्य उरत नाही. थोडक्यात, कारखाना बंद करता येत नाही म्हणून कच्चा माल अडवायचा.

माझेही रक्त असेच काढतात. एका वेळी साडेतीनशे मिलिलिटर. पहिल्या खेपेस मी तिथल्या भाऊंना विचारले, ‘दादा, हे कुणाला देता येईल का?’ ते म्हणाले, ‘नाही हो ताई, हे टाकावंच लागतं.’ रक्तदान शिबिरांच्या फलकांखालून जाताना मला अजूनही त्या पिशव्या आठवतात. पुढे माझे लोह इतके उतरले, की थकवा येऊ लागला, केस गळू लागले. आणि लोहाच्या गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत, अशी सक्त सूचना. हिमोग्लोबिन भरपूर आणि लोहाची उपासमार, असे हे विचित्र संसारचित्र आहे.

या हकीकतीतला सर्वांत जड भाग विसाव्या शतकाच्या मध्यावर येतो. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्सने सायक्लोट्रॉन उभारला होता. त्याचा वैद्य भाऊ जॉन याने त्या यंत्रात तयार होणारा किरणोत्सारी फॉस्फरस, फॉस्फरस-३२, १९३० च्या दशकाच्या अखेरीस रक्ताच्या रोग्यांवर वापरायला सुरुवात केली. फॉस्फरस हाडांत जातो, तेथे अस्थिमज्जेला किरणांचा मारा बसतो आणि पेशींची पैदास मंदावते. एखाद-दुसरी मात्रा, आणि महिनोन्‌महिने रक्ताची मोजमापे सरळ. अणुविज्ञानाने दिलेले वरदान म्हणून त्याची वाखाणणी झाली. मग क्लोराम्ब्युसिलसारखी रासायनिक औषधे आली. त्यांनीही आकडे खाली येत.

परंतु बऱ्याच वर्षांनी काही रुग्णांत तीव्र ल्युकेमिया दिसू लागला. तो आजाराचाच शेवटचा अंक होता, की औषधाने आणलेला? दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ होते आणि दोन्ही बाजूंकडे आपापल्या रुग्णांच्या आठवणी होत्या. आठवणींनी असा वाद मिटत नाही, हे इतिहासाच्या वाचकांना सांगायला नको. १९६७ साली न्यूयॉर्कच्या लुई वॉसरमन यांच्या पुढाकाराने ‘पॉलिसायथीमिया व्हेरा स्टडी ग्रुप’ स्थापन झाला आणि ४३१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी झाली. एका गटाचे केवळ रक्त काढायचे, दुसऱ्याला फॉस्फरस-३२, तिसऱ्याला क्लोराम्ब्युसिल.

निकाल वर्षानुवर्षे झिरपत आला. केवळ रक्त काढलेल्या गटात पहिल्या तीन वर्षांत गुठळ्यांचे प्रमाण अधिक होते. तेवढ्यावर थांबले असते तर रक्त काढणे मागे पडले असते. पण काळ पुढे सरकला तसे दुसरे पारडे झुकू लागले. १९८१ साली जाहीर झाले, की क्लोराम्ब्युसिल घेतलेल्यांत तीव्र ल्युकेमियाचा धोका केवळ रक्त काढलेल्यांच्या सुमारे १३ पट आहे. फॉस्फरस घेतलेल्यांतही तो वाढलेला होताच. क्लोराम्ब्युसिल या आजारातून बाद झाले.

मी हे निकाल वाचले तेव्हा तासभर दुसरे काही वाचू शकले नाही. आकडे सुधारणारी गोळी घेऊन जे निश्चिंत घरी गेले, त्यांतल्या काहींना त्याच गोळीने ल्युकेमिया दिला. आणि ज्यांना हे ‘आधुनिक’ औषध मिळाले नाही, त्यांतल्या काहींना गुठळीने गाठले. कोणत्या गटात जायचे हे त्यांनी निवडले नव्हते. या ४३१ जणांची नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत, पण आज मला तरुण वयात कोणते औषध द्यायचे नाही हे माझ्या डॉक्टरांना ठाऊक आहे, ते त्यांच्यामुळे.

याच गटाने अॅस्पिरिनचीही परीक्षा घेतली, आणि ती फसली. दिवसाला ९०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन आणि जोडीला डायपिरिडॅमोल, अशी भरघोस मात्रा होती. गुठळ्या घटल्या नाहीत. पोटातून गंभीर रक्तस्राव होऊ लागले. १९८६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि पुढची अनेक वर्षे वैद्य या आजारात अॅस्पिरिन द्यायला कचरत राहिले. गुठळ्या करणाऱ्या रक्तात रक्तस्रावही व्हावा, हे कोडे जुनेच होते. १९३४ साली व्हिएन्नात एप्स्टाइन आणि गोडेल यांनी भरमसाट पट्टिका असूनही रक्तस्राव होणारा रुग्ण नोंदवला होता. आज आपण जाणतो, की पट्टिका फारच वाढल्या की रक्त थांबवायला लागणारे फॉन विलेब्रांट नावाचे एक प्रथिन त्या स्वतःकडेच ओढून घेतात. अशा शरीरात ९०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन म्हणजे ओल्या भिंतीवर आणखी पाणी.

इटालियन संशोधकांच्या पुढाकाराने युरोपात हीच परीक्षा पुन्हा झाली, या वेळी दिवसाला केवळ १०० मिलिग्रॅम. ५१८ रुग्ण, २००४ साली निकाल: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मोठ्या शिरांतील गुठळी आणि या कारणांचे मृत्यू एकत्र धरता धोका निम्म्याहून खाली आला, आणि मोठे रक्तस्राव लक्षणीय वाढले नाहीत. औषध तेच, नऊशेच्या जागी शंभर, एवढाच फरक. (हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन सुरू किंवा बंद करू नये. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.)

तोवर प्रयोगशाळेत दुसरीच कथा चालू होती. १९५१ साली बोस्टनच्या विल्यम डॅमशेक यांनी स्वतःच सुरू केलेल्या ‘ब्लड’ या नियतकालिकात एक छोटेसे संपादकीय लिहिले. पॉलिसायथीमिया, पट्टिकांची अतिवाढ, अस्थिमज्जेचे तंतुमय होणे हे निरनिराळे आजार दिसत असले तरी ती एकाच घराण्यातली भावंडे असावीत, असा त्यांचा तर्क होता. पुरावा जवळपास नव्हताच. १९७४ मध्ये प्रखाल आणि अॅक्सेलराड यांनी दाखवले, की या रुग्णांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा आदेश नसतानाही काचेच्या बशीत वाढतात. १९७६ मध्ये सिअॅटलमधील संशोधकांनी दोन स्त्री-रुग्णांच्या रक्तातील एका विकराचे प्रकार तपासले आणि आढळले, की त्यांच्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि पट्टिका या सर्व एकाच मूळ पेशीचे वंशज आहेत. ट्यूर्कने १९०४ साली पाहिलेल्या पांढऱ्या पेशींचा अर्थ आता लागला. बंडखोर एक होता; त्याची प्रजा तीन जातींची होती.

२००५ साली त्या बंडखोराची ओळख पटली, आणि तीही चार ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी: पॅरिसमध्ये व्हिल्यम व्हेनशेंकर, केंब्रिजमध्ये टोनी ग्रीन, बाझेलमध्ये राडेक स्कोडा आणि बोस्टनमध्ये गॅरी गिलिलँड यांचे गट. नवव्या गुणसूत्रावरील जॅक-टू या जनुकात एका जागी ‘जी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर आलेले असते. त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनात ६१७ व्या स्थानी व्हॅलिनऐवजी फेनिलअॅलॅनिन येते. ‘जॅक’मधले ‘जे’ रोमन देव जेनसचे. त्याला दोन मुखे. या प्रथिनालाही दोन सारखे भाग असतात, एक काम करणारा आणि दुसरा त्याला आवरणारा. बदल होतो तो आवरणाऱ्या भागात. लगाम सुटतो, आणि पेशीला वाटत राहते की वाढण्याचा हुकूम सतत येतो आहे. पॉलिसायथीमिया व्हेराच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत हे उत्परिवर्तन सापडते. डॅमशेक यांच्या त्या भावंडांपैकी इतर दोघांत सुमारे निम्म्या रुग्णांत. हा बदल आईवडिलांकडून सहसा येत नाही. माझ्या मुलीला तो माझ्याकडून जाईल का, हा मी डॉक्टरांना विचारलेला पहिला प्रश्न होता.

आता गुठळीकडे परत येऊ, कारण २००५ हेच वर्ष तिच्याही दृष्टीने महत्त्वाचे आहे. पट्टिकांची अतिवाढ झालेल्या ८०९ रुग्णांवर ब्रिटनमध्ये दोन औषधांची तुलना झाली, हायड्रॉक्सियुरिया आणि अॅनाग्रेलाइड. (हायड्रॉक्सियुरिया प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले १८६९ साली, व्हाकेझच्या लेखाच्याही आधी, तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच सुचला नव्हता.) दोन्ही औषधांनी पट्टिकांची संख्या सारखीच खाली ठेवली. तरीही धमन्यांतल्या गुठळ्या अॅनाग्रेलाइड घेणाऱ्यांत अधिक झाल्या. अॅनाग्रेलाइड मुख्यतः पट्टिका घटवते. हायड्रॉक्सियुरिया पांढऱ्या पेशींनाही आवर घालते. आकडा एकच असताना नशीब वेगळे कसे?

२०१३ साली दुसरा धक्का बसला. ज्यांच्यात जॅक-टूचा बदल नाही अशा अनेक रुग्णांत कॅलरेटिक्युलिन या वेगळ्याच जनुकाचे उत्परिवर्तन असल्याचे व्हिएन्ना आणि केंब्रिज येथील गटांनी शोधले. लवकरच ध्यानात आले, की या रुग्णांच्या पट्टिका जॅक-टूवाल्यांपेक्षा सरासरीने अधिक असतात आणि गुठळ्या मात्र कमी होतात. ‘पेशी जास्त म्हणून गुठळी जास्त’ हा नियम येथे उलटा पडला. गुठळीचा धोका ठरवण्याच्या आजच्या कोष्टकात वय, आधी झालेली गुठळी आणि रक्तदाब-मधुमेहासारखी कारणे यांच्याबरोबर जॅक-टूचे उत्परिवर्तन असते. पट्टिकांचा आकडा त्यात नाही.

यकृताच्या शिरा गुठळीने बंद होण्याच्या विकाराला बड-चियारी म्हणतात. मुंबईच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतील संशोधकांनी २००१ साली पश्चिम भारतातील अशा रुग्णांत आनुवंशिक कारणांचा शोध प्रसिद्ध केला होता. जॅक-टूचा बदल तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हता. नंतर जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा बड-चियारीच्या सुमारे ४० टक्के रुग्णांत तो निघाला, आणि त्यांतल्या कित्येकांची रक्तमोजणी अगदी सर्वसाधारण होती. २०१७ साली याहून पुढची गोष्ट कळली: कर्करोगाचे निदानच नसलेल्या, पण रक्तात हे उत्परिवर्तन बाळगणाऱ्या लोकांत हृदयाच्या धमन्यांचा विकार इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळला. रक्त दाट नाही, पेशी वाढलेल्या नाहीत, आणि धोका हजर.

मग ही पेशी करते तरी काय? एक उत्तर पांढऱ्या पेशींत आहे. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू पकडण्यासाठी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे विणते. २०१८ साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले, की जॅक-टू बदललेले न्यूट्रोफिल हे जाळे फार सहज टाकतात, जंतू नसतानाही. आणि त्या जाळ्यात पट्टिका, तांबड्या पेशी, सारेच अडकते. कोळ्याने मासळी नसताना भर वाहत्या खाडीत जाळी सोडून ठेवावीत, तसे हे आहे. तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांचेही वागणे बदलते. रक्ताचा गुणच पालटलेला असतो. फिर्शोच्या त्रयीतले तिसरे कारण ते हेच.

म्हणून जुने उत्तर मोडीत काढावे का? तसेही नाही. २०१३ सालीच इटलीतील ३६५ रुग्णांच्या परीक्षेने दाखवले, की हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली काटेकोर ठेवलेल्यांत मोठ्या गुठळ्या आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू २.७ टक्के झाले; ४५ ते ५० मध्ये ठेवलेल्यांत ९.८ टक्के. तांबड्या पेशींची दाटी पट्टिकांना वाहिनीच्या भिंतीकडे रेटते, हेही त्याचे एक कारण. व्हाकेझच्या पिढीला दिसलेला तांबडा रंग निरर्थक नव्हता. माझ्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईत ‘४५’ लिहिलेले आहे.

शेवटची नोंद २०२२ ची, आणि मला ती सर्वांत जवळची वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशी सिद्ध झाली, हे येथल्या वाचकांना माहीत आहे. निरनिराळ्या प्रांतांतल्या शेकडो पोथ्या समोर ठेवायच्या, कोणती चूक कोणकोणत्या पोथ्यांत समान आहे ते पाहायचे, आणि कोणती प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली याची वंशावळ मांडायची. केंब्रिज परिसरातील संशोधकांनी बारा रुग्णांच्या रक्तपेशींचे नेमके हेच केले. प्रत्येक पेशी विभागताना तिच्या डीएनएमध्ये नकलण्याच्या किरकोळ चुका साठत जातात, आणि त्या बऱ्याचशा ठरावीक वेगाने साठतात. समान चुका जुळवून पेशींची वंशावळ मांडली, चुका मोजून फांद्यांवर वर्षे घातली, आणि जॅक-टूचे ते अक्षर कोणत्या फांदीवर बदलले ते शोधले. रुग्णांची निदाने प्रौढपणी किंवा म्हातारपणी झालेली. अक्षर मात्र बदलले होते बालपणी, आणि काहींत तर जन्माआधी, आईच्या पोटात. बदल आणि निदान यांतले अंतर सरासरीने तीस वर्षांचे निघाले. तेवढा काळ ती एक पेशी आपला वंश सावकाश वाढवत राहते, आणि बाहेर कुणाला पत्ता नसतो.

माझी अशी वंशावळ कुणी मांडलेली नाही. सरासरीच धरायची, तर एक्केचाळिसाव्या वर्षी झालेल्या निदानातून तीस वजा करून मी पाचवीत पोहोचते. त्या वर्षीचे शाळेतल्या आरोग्य तपासणीचे कार्ड आईने जपून ठेवले होते. उंची, वजन, दात, डोळे. आणि खाली शाईत डॉक्टरांचा शेरा आहे: ‘रक्त कमी, पालेभाज्या द्याव्यात.’